दहिवंडीच्या मामूंचा गोठा

मित्रांनो, आज वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा. गोष्ट सांगणार आहेच, पण गोष्टीच्या मधोमध एक गणित आहे आणि ते तुम्हीच सोडवायचं आहे. घाबरू नका, गुणाकार-भागाकार आला की झालं. आई-बाबांना मात्र उत्तर आधी सांगू नका. त्यांनाही करू द्या, आणि उत्तर आल्यावर त्यांचा चेहरा बघा!

गोष्ट आहे बीड जिल्ह्यातल्या दहिवंडी गावची. तालुका शिरूर कासार. (शिरूर म्हटलं की काही जणांना पुणे जिल्ह्यातलं घोडनदीचं शिरूर आठवेल. ते वेगळं, हे वेगळं.) या दहिवंडीत शब्बीर सय्यद नावाच्या शेतकऱ्यानं आयुष्यातली जवळजवळ पन्नास वर्षं जनावरं सांभाळण्यात घालवली. गाव त्यांना ‘शब्बीरमामू’ म्हणायचं. जानेवारी २०१९ मध्ये पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि तिच्यात मामूंचं नाव निघालं. पद्मश्री! एका रात्रीत सगळे विचारायला लागले, कोण हो हे शब्बीर सय्यद?

तर ते कोण, हे सांगायच्या आधी मुलूख कसा ते सांगतो. मुलूख कळल्याशिवाय त्यांनी काय केलं ते नीट कळणारच नाही.

नकाशात बीड जिल्हा काढा. बालाघाटच्या डोंगररांगा दिसतील. पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात सिंदफणा नदी उगम पावते, शिरूर कासारकडे येते आणि पुढे माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीला मिळते. नाव किती छान आहे नदीचं! पण पाणी विचाराल तर पावसाळ्यापुरतं. बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईला दोन हजारांच्या वर पडतो. बरं, हे साडेसहाशे दरवर्षी पडतात असंही नाही. एखाद्या वर्षी निम्मेच पडतात आणि मग तीन-तीन महिने टँकरची वाट बघावी लागते.

म्हणूनच दसरा-दिवाळी झाली की इथली हजारो कुटुंबं ऊस तोडायला बाहेर पडतात. कोयता, भांडीकुंडी, लहान पोरं, सगळं घेऊन साखर कारखान्याचा रस्ता धरायचा. बैलगाडीवाले असतील तर बैलही बरोबर. मागे गावात म्हातारी माणसं राहतात आणि म्हातारी जनावरंही. माणसांचं कसंबसं चालतं. जनावरांपुढे वैरण कोण टाकणार?

आता १९७२ सालात चला. तुमच्या आजी-आजोबांना नुसतं “बहात्तर” म्हणा, पुढचं ते सांगतील. सलग पाऊस चुकला, विहिरी आटल्या, ज्वारी हातची गेली. माणसं खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला जाऊ लागली. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, लोकांनी नाइलाजानं खाल्ली. पोरांना सुकडी मिळायची. माणसाला निदान खडी फोडून चार पैसे मिळत होते. गाईला कोण काम देणार? कडब्याच्या गंजी संपल्या, झाडांचा पाला संपला, शेवटी लोकांनी दावी सोडली. कुणी मिळेल त्या भावात जनावर विकलं, कुणी नुसतंच हाकलून दिलं.

मामूंचं घराणं खाटकाचं. पिढीजात धंदाच तो. पण १९७० च्या त्या दशकात त्यांच्या वडिलांचं मन त्या धंद्यातून उठलं. त्यांनी तो बंद केला. एवढंच नाही, तर कापायला चाललेल्या दोन गाई स्वतःच विकत घेतल्या आणि घरच्या दावणीला आणून बांधल्या. शब्बीर तेव्हा पोरसवदा होते. १९७२ च्या सुमारास त्यांनी वडिलांच्या दोन गाईंत आणखी दहा जनावरांची भर घातली.

इथे जरा थांबा. ‘धंदा बंद केला’ हे तीन शब्दांचं वाक्य वाचायला फार सोपं आहे. पण हातावर पोट असलेल्या घरानं धंदा बंद करायचा म्हणजे चूलच बंद करायची. त्यात वर दुष्काळ. आणि आमदनी थांबली त्याच वेळी खाणारी तोंडं वाढवायची, तीही कसली? गाईबैलांची! शेजारपाजारचे काय म्हणाले असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

दोनाची बारा झाली, बाराची पन्नास झाली. कुणी आजारी गाय आणून सोडायचं, कुणी भाकड झालेली. भाकड म्हणजे दूध देणं थांबलेली. कधी बाजारात कत्तलीसाठी चाललेलं जनावर दिसलं की मामू पैसे मोजून ते सोडवून आणायचे. पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्याकडे १६५ च्या आसपास जनावरं असल्याचं बातम्यांत आलं होतं.

तुम्ही विचाराल, लोक जनावरं विकतातच का? चांगला प्रश्न आहे. त्यासाठी तुम्हाला जनावरांचा बाजार दाखवला पाहिजे.

बीड जिल्ह्यात नेकनूर आणि हिरापूर इथले जनावरांचे आठवडी बाजार नावाजलेले. तिथे गेलात तर पहिली गंमत दिसेल ती दातांची. गिऱ्हाईक येतं, बैलाचा जबडा उघडतं आणि आत डोकावतं. का? तर दातांवरून वय कळतं. गाईबैलांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. वर नुसती कडक हिरडी! दुधाचे दात असेपर्यंत वासरू ‘आदत’. मग पक्के दात दोन-दोन करून येतात. दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जनावर ‘जुळलं’. जुळल्यावर पुढे दात झिजू लागतात आणि त्याबरोबर किंमतही.

दुसरी गंमत बोटांची. दलालाला तिकडे ‘हेडी’ म्हणतात. दोन हेडी समोरासमोर येतात, हातावर उपरणं टाकतात आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरतात. तोंडानं अवाक्षर नाही. अमुक बोटं धरली की अमुक हजार, असा सगळा सौदा मुक्यानं होतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला भाव कळत नाही. आणि ज्याचा भाव चाललेला असतो तो बैल शेजारी शांतपणे रवंथ करत असतो.

तरण्या बैलाला भाव चांगला येतो. पण दहा-बारा वर्षं औत ओढून खांदा सुजलेल्या बैलाचं काय? गाय-बैल पंधरा-वीस वर्षं जगू शकतात. म्हणजे कामातून गेल्यावरही पुढे पाच-सात वर्षं त्याला खायला घालावं लागणार. ज्याच्याकडे तीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि मुलीचं लग्न तोंडावर आलंय, त्या शेतकऱ्यानं म्हातारा बैल विकला तर त्याला क्रूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानंच त्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळलेलं असतं. उद्या जेवायला या, असं आवतण त्याच्या कानात सांगितलेलं असतं. विकून परत येताना असा माणूस रिकामं दावं हातात घेऊन येतो आणि घरी कुणाशी बोलत नाही.

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गाईंच्या कत्तलीला बंदी केली आणि मार्च २०१५ मध्ये त्या बंदीत बैलही आले. पण गोठ्यातल्या म्हाताऱ्या जनावरापुढे रोजची पेंढी काही कायद्याचं पुस्तक टाकत नाही. ती कुणीतरी टाकावी लागते. दहिवंडीत ती मामू टाकत होते.

आता मामूंचे नियम ऐका. लेखी कुठे टांगलेले नव्हते, पण घरात सगळ्यांना पाठ.

पहिला, गाय विकायची नाही. तरणी असो, म्हातारी असो. दुसरा, दूध विकायचं नाही. दूध वासराचं. तिसरा नियम मला फार आवडतो. गोठ्यात गोऱ्हे जन्मायचे, मोठे व्हायचे, त्यांचे बैल व्हायचे. बैल मात्र मामू शेतकऱ्याला द्यायचे, तेही बाजारभावापेक्षा कमी पैशांत. पण एका अटीवर. बैल म्हातारा झाला, आजारी पडला, कामाचा राहिला नाही, तर तो बाजारात न्यायचा नाही. परत दहिवंडीला आणून सोडायचा. तसं कबूल करूनच बैल न्यायचा.

काय हुशार अट आहे बघा! शेतकऱ्याला स्वस्तात बैल मिळाला, बैलाला काम मिळालं, आणि म्हातारपणाची सोय जन्मगावी. मात्र या व्यवहारात मामूंच्या वाट्याला काय आलं? कमी पैसे आणि दहा-बारा वर्षांनी एक म्हातारा बैल.

मग हे घर चालायचं कशावर? शेतीवर, आणि शेणावर. हसू नका! शेणखताला शेतकऱ्याकडे मोल असतं. गोठ्यातलं शेण उकिरड्यात साठवायचं, कुजवायचं आणि खत म्हणून विकायचं. त्यातून वर्षाला सत्तर हजार रुपयांच्या आसपास मिळायचे, असं पुरस्काराच्या वेळच्या बातम्यांत छापून आलं होतं.

चला, आता पेन्सिल उचला. जनावरं १६५ धरू. वासरं कमी खातात हे खरं, पण सोपं जावं म्हणून सगळी मोठीच धरा.

मोठ्या देशी गाईला दिवसाला साधारण पाच-सहा किलो वाळकी वैरण लागते, शिवाय मिळाला तर हिरवा चारा. आपण नुसती वाळकी वैरण धरू, सहा किलो. १६५ गुणिले ६. उत्तर ९९० किलो. म्हणजे दररोज जवळजवळ एक टन! वर्षाचं काढा. ३६१ टनांच्या वर जातं. एका ट्रकमध्ये दहा टन माल धरला तर छत्तीस ट्रक. (कडबा हलका आणि फुगीर असतो, तो एका ट्रकमध्ये दहा टन मावणारच नाही. म्हणजे ट्रक आणखी वाढले.)

पाणी. गाईला दिवसाला चाळीस लिटर तरी हवं, उन्हाळ्यात जास्तच. १६५ गुणिले ४०. सहा हजार सहाशे लिटर! घरापुढे दोनशे लिटरचे निळे पिंप पाहिले असतील ना तुम्ही? तसे तेहतीस पिंप, रोज. आणि हे त्या तालुक्यात, जिथे उन्हाळ्यात माणसं हंडे घेऊन टँकरमागे धावतात.

आता शेण. एक गाय दिवसाला दहा किलो तरी शेण टाकते. १६५ गुणिले १० म्हणजे सोळाशे पन्नास किलो. हे सगळं पहाटे उठून उचलायचं. आज नाही उचललं तर उद्या दुप्पट. दिवाळी असो, ईद असो, अंगात ताप असो.

शेवटचा भागाकार. वर्षाचे सत्तर हजार रुपये भागिले १६५ जनावरं. साधारण ४२४ रुपये. हे झाले एका जनावरामागे वर्षाचे. त्याला ३६५ नं भागा.

काय आलं?

एक रुपया आणि सोळा पैसे.

एका जनावरामागे दिवसाला सव्वा रुपयासुद्धा नाही! आता शेजारी दुसरा आकडा लिहा. २०१८-१९ च्या दुष्काळात सरकारनं चारा छावण्या उघडल्या होत्या. बीड जिल्ह्यात अशा शेकडो छावण्या होत्या. माळावर हिरव्या जाळ्यांचे मांडव आणि त्याखाली हजारो जनावरं. छावणी चालवणाऱ्याला एका मोठ्या जनावरामागे दिवसाला आधी नव्वद आणि नंतर शंभर रुपये मिळायचे. म्हणजे जनावर जगवायला दिवसाला शंभराच्या घरात खर्च येतो, हे सरकारी हिशेबानंही मान्य केलं होतं. एकीकडे शंभर, दुसरीकडे एक रुपया सोळा पैसे. मधली एवढी मोठी फट मामूंच्या घरानं कशानं भरली?

काही स्वतःच्या शेतातल्या चाऱ्यानं. काही घरच्यांच्या कष्टानं. सगळं कुटुंब गोठ्यात राबायचं. चारा कमी पडला की मामू लोकांकडे मागायला जायचे आणि लोक द्यायचे. आणि उरलेली फट? स्वतःच्या गरजा कमी करूनच ती भरली जात असणार, दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही. पन्नास वर्षं हे चाललं, त्यातली बरीच वर्षं तालुक्याबाहेर कुणालाही ठाऊक नसताना.

म्हणूनच २०१९ च्या बातम्या वाचताना मला एका गोष्टीचा थोडा रागच आला होता. बहुतेक मथळ्यांत एकच गोष्ट ठळक, मामूंचा धर्म. मुसलमान असून गाई सांभाळतात हो! जणू तेवढंच नवल. अहो, मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जा. सय्यदांच्या दावणीला बैल असतो आणि पाटलांच्याही असतो, आणि दोघांचे बैल एकाच हौदावर पाणी पितात. नवल असेल तर ते त्या एक रुपया सोळा पैशांचं आहे. ते मथळ्यात कुणी घातलं नाही.

पुरस्कार जाहीर झाल्याचा फोन आला तेव्हा पद्मश्री म्हणजे नेमकं काय, हेही मामूंना माहीत नव्हतं, असं त्या दिवसांत छापून आलं होतं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रपती भवनात राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्यांना तो सन्मान मिळाला. गावाकडे तेव्हा दुष्काळ होता. दिल्लीतल्या गालिच्यावर चालताना त्यांच्या डोक्यात वैरणीचा हिशेब चालू असेल, अशी माझी आपली कल्पना.

जनावरांना आसरा देण्याची कल्पना मात्र आपल्याकडे फार जुनी आहे, बरं का. सम्राट अशोकानं दगडावर कोरून घेतलेले लेख तुम्ही इतिहासात शिकता. त्यातल्या दुसऱ्या लेखात माणसांच्या आणि जनावरांच्याही औषधोपचाराची सोय केल्याचं लिहिलं आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी!

मुंबईची गोष्ट त्याहून मजेची आहे. १८३२ साली इंग्रज सरकारनं तिथली भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला. पारशी लोक कुत्र्याला फार मानतात. ते चिडले, दुकानं बंद झाली, दंगा झाला. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी भुलेश्वरला अशा जनावरांसाठी पांजरपोळ काढला. जमशेटजी म्हणजे तेच, ज्यांच्या नावानं मुंबईत जे. जे. रुग्णालय आहे. एक पारशी आणि एक जैन, आणि सुरुवात कशावरून, तर रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून! पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरचे अत्याचार रोखणारी संस्था निघाली आणि १८८६ मध्ये परळला गुरांच्या डॉक्टरांचं कॉलेज.

पण जमशेटजी कोट्यधीश व्यापारी होते. मामूंच्या जातकुळीचं उदाहरण हवं असेल तर गडचिरोलीच्या जंगलात जायला हवं. भामरागड तालुक्यात हेमलकसा इथे १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे माडिया लोकांवर उपचार करू लागले. एकदा प्रकाशभाऊंना शिकारीहून परतणारे लोक भेटले. त्यांच्याकडे मारलेली माकडीण होती आणि तिच्या पोटाला तिचं जिवंत पिल्लू चिकटलेलं होतं, दूध पिण्याची धडपड करत. प्रकाशभाऊंनी ते पिल्लू मागून घेतलं आणि बदल्यात धान्य दिलं. त्या एका पिल्लापासून हेमलकशाचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. पुढे बिबटे आले, अस्वलं आली, हरणं आली, मगरीसुद्धा. २००८ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकाऱ्यांना त्यांनी दोष दिला नाही. ती माणसं उपाशी होती, पोटासाठी मारत होती. हेमलकशाच्या शिकाऱ्याची आणि नेकनूरच्या बाजारात बैल विकणाऱ्या शेतकऱ्याची अडचण शेवटी एकच, नाही का?

आणि गंमत म्हणजे खुद्द शिरूर कासार तालुक्यातच, तागडगावला, सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या जोडप्यानं ‘सर्पराज्ञी’ नावाचं केंद्र उभं केलं. तिथे गाईगुरं नाहीत, रानातले जीव. विहिरीत पडलेला कोल्हा, तारेत अडकलेलं घुबड, कुत्र्यांनी फाडलेलं हरीण, जखमी मोर, साप. अशा प्राण्यांवर उपचार करायचे आणि बरे झाले की पुन्हा रानात सोडायचे. शेजारच्या पाटोदा तालुक्यात नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे, १९९४ सालचं. म्हणजे ज्या भागाची ओळख आपण दुष्काळ आणि ऊसतोडणी एवढीच करून देतो, तिथे एवढं सगळं चाललेलं आहे.

मामूंच्या आणि सर्पराज्ञीच्या कामात एक महत्त्वाचा फरक आहे, तो लक्षात ठेवा. गाय, म्हैस, कुत्रा, मांजर हे माणसाच्या सोबतीनं राहणारे प्राणी. त्यांना घरी आणून सांभाळता येतं. रानातल्या प्राण्याला मात्र घरी ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. (पाहा, पुन्हा १९७२!) हो, पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपटसुद्धा त्यातच आला. तेव्हा हरणाचं पाडस किंवा घुबडाचं पिल्लू सापडलं तर त्याला दूध पाजत बसू नका, मोबाइलनं फोटो काढायला गर्दी करू नका. मोठ्या माणसाला सांगून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. गाईगुरांच्या उपचारासाठी पशुसंवर्धन खात्याचा क्रमांक आहे १९६२. दोन्ही चार-चार आकडी, पाठ करायला सोपे. दाराच्या मागे खडूनं लिहून ठेवा.

आता राहिलं रवंथाचं. बाजारातला बैल भाव चालू असताना शांतपणे रवंथ करत होता, आठवतं ना? गाईचं पोट चार कप्प्यांचं असतं. गाय चरताना चारा नीट चावतच नाही, भराभर गिळते आणि पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोटीपोटात, साठवते. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव तो चारा आंबवतात. मग गाय सावलीत बसते, एकेक घास परत तोंडात आणते आणि निवांत चावते. ज्या वाळक्या कडब्यातून आपल्याला काहीही मिळणार नाही, त्यातून ती ताकद आणि दूध काढते, ती या आंबवण्याच्या जोरावर.

पण या कोटीपोटाचा एक घात होतो. गाय भराभर गिळते, निवडून खात नाही. तुमच्या आईनं कालची उरलेली भाजी-पोळी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, गाठ मारून कोपऱ्यावर ठेवली, तर गाईला ती गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट खाते. प्लॅस्टिक कोटीपोटात आंबत नाही, पुढेही सरकत नाही, तिथेच राहतं. एकावर एक पिशव्या साचून त्यांचा गोळा होतो. मग गाईला भूक लागत नाही, पोट फुगतं, रवंथ थांबतो. डॉक्टर डाव्या कुशीला चीर देऊन तो गोळा बाहेर काढतात. कधी कधी तो दहा-वीस किलोंचाही निघतो. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. तुमच्या घरातल्या दाराच्या खिळ्याला किती टांगलेल्या आहेत, ते आजच मोजा आणि आईला आकडा सांगा. उरलेलं अन्न द्यायचंच असेल तर पिशवी सोडून, कागदावर किंवा घमेल्यात घालून द्या. तेही थोडंच, शिळ्या अन्नाचा ढीग खाल्ला की गाईचं पोट बिघडतं.

रवंथ थांबला की जनावर आजारी, हे गुराखी पोरांनाही कळतं. शेकडो जनावरांत आजारी कोण हे ओळखायचं तर दुपारी सावलीत बसलेल्या कळपातून फेरी मारायची आणि कुणाचं तोंड हलत नाही ते बघायचं.

तेव्हा या आठवड्याचा उद्योग असा. गावात असाल तर गोठा गाठा, शहरात असाल तर देवळाबाहेर, मंडईजवळ, तबेल्यात कुठे तरी गाय दिसेलच. मालकाला विचारून, शिंगांपासून जरा लांब, गुपचूप बसा. गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसेल. तो तोंडात आला की मोजायला लागा. एका घासाला ती किती वेळा चावते? चाळीसच्या पुढे जाईल, पण साठच्या पुढे जाते का, आणि म्हातारी गाय जास्त चावते की तरणी, ते मला पत्रानं कळवा. निदान तीन गाईंचं मोजायचं, आणि कुठली गाय, कडबा खाल्लेली की हिरवा चारा, तेही लिहायचं.